जळालेल्या कॉईलचा माग

दुरुस्तीच्या टेबलावर आलेला अठरा इंची स्पीकर उघडताना कारागीर आधी नाकाचा उपयोग करतो. मधली डस्ट कॅप ब्लेडने कापली, की आतून जळक्या वार्निशचा वास येतो किंवा येत नाही, आणि निम्मं निदान तिथेच होतं. उरलेलं निम्मं कॉईल सांगते. चार इंच व्यासाच्या नळकांड्यावर एकाला एक चिकटून गुंडाळलेली ती तार वरपासून खालपर्यंत सारखी काळवंडली असेल, तर तिने झेपेल त्यापेक्षा जास्त उष्णता बराच वेळ सोसली आहे. कडेचा एकच पट्टा जळालेला आणि बाकीची तार जशीच्या तशी तांबडी असेल, तर कॉईल चुंबकाच्या फटीतून एका बाजूला ढकलली जाऊन तिथेच खिळून राहिली होती. हे काम थेट प्रवाहाचं, म्हणजे डीसीचं. आणि वास नाही, काळेपणा नाही, पण नळकांड्याची खालची कड चेपलेली, कॉईलला मधोमध धरणारा स्पायडर फाटलेला किंवा कॉईलकडे जाणारी लवचीक वेणी तुटलेली असेल, तर हा स्पीकर जळलेलाच नाही. तो आपटून मेला आहे. तीन वेगवेगळे मृत्यू, पण गिऱ्हाइकाच्या तोंडी तिन्हींना एकच शब्द असतो: ‘स्पीकर उडाला’.

शब्द एकच म्हटल्यावर पुढचा प्रश्नही एकच विचारला जातो. अ‍ॅम्प्लिफायर किती वॅटचा होता? जणू वॅटचा आकडा कळला की गुन्हेगार सापडला. या प्रकरणात मला मांडायचं आहे ते असं, की कॉईलवर बिघाड दिसतो, पण तो सुरू होतो बहुधा बराच मागे. माग काढत गेलं तर तो अ‍ॅम्प्लिफायरच्या पलीकडे, मिक्सरच्या फेडरवरून, मांडवाच्या खांबाला गुंडाळलेल्या वायरीतून पार मीटरच्या पेटीपर्यंत किंवा जनरेटरपर्यंत जातो. आपल्याकडे स्पीकर सांभाळणं हे साउंडवाल्याचं आणि वीज सांभाळणं हे वायरमनचं काम समजतात, आणि दोघांची गाठ पडते ती फ्यूज गेल्यावरच. ही वाटणी स्पीकरला महाग पडते, कधी माणसालाही.

सुरुवात कॉईलपासूनच करू. स्पीकर हे आवाज काढण्याचं यंत्र आहे असं आपण म्हणतो, पण विजेच्या हिशेबात तो आधी शेगडी आहे आणि जाता जाता थोडा आवाज काढतो. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर ९८ डेसिबल देणारा व्यावसायिक वूफर हा चांगलाच कार्यक्षम मानला जातो, आणि तरी तो मिळालेल्या विजेपैकी जेमतेम ४ टक्के आवाजात बदलतो. उरलेल्या ९६ टक्क्यांची उष्णता होते. घरातली साधी इस्त्री १००० वॅटची असते आणि तिला पसरायला धातूचा अख्खा तळवा असतो. तेवढीच उष्णता इथे बोटभर रुंदीच्या तारेत, मिलिमीटरभर हवेच्या फटीत कोंडली जाते. तांबं तापलं की त्याचा विरोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के. म्हणजे कॉईल अडीचशे अंशांनी तापली की तिचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो, आणि त्याच व्होल्टेजवर ती पहिल्यापेक्षा निम्मीच शक्ती घेते. मिरवणूक दोन तास चालली की आवाज बसल्यासारखा वाटतो तो यामुळे. ऑपरेटर अशा वेळी काय करतो? फेडर आणखी वर नेतो. आधीच हाशहुश करणाऱ्या कॉईलवर आणखी निखारे टाकण्याचाच हा प्रकार आहे. तार तिला चिकटवणाऱ्या गोंदाच्या जिवावर उभी असते. गोंद सुटला की वेटोळं सुटतं, फटीच्या भिंतीला घासतं आणि काम तमाम होतं. शिवाय कॉईल काही सेकंदांत तापते आणि निवते, पण तिच्या भोवतीचं चुंबकाचं लोखंड तापायला बराच वेळ लागतो आणि निवायलाही तेवढाच. संध्याकाळी सात वाजता जो आवाज स्पीकरने सहज पेलला तो रात्री साडेनऊला त्याला का पेलत नाही, याचं उत्तर त्या लोखंडात आहे.

आता स्पीकरच्या पाठीवरच्या पाटीकडे बघू. ‘५०० वॅट एईएस, १००० वॅट प्रोग्रॅम, २००० वॅट पीक’ असं तिथे लिहिलेलं असतं आणि ज्याला जे सोयीचं ते तो वाचतो. यातला मोजून काढलेला आकडा पहिलाच आहे. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या १९८४च्या प्रमाणानुसार स्पीकरला दोन तास पिंक नॉइज, म्हणजे पावसाच्या सरीसारखा एकसंध खळखळाट, ऐकवतात. त्याची शिखरं सरासरीच्या ६ डेसिबल वर छाटलेली असतात, म्हणजे क्षणिक शक्ती सरासरीच्या चौपट. दोन तासांनी स्पीकर धड राहिला तर तो ५०० वॅटचा. चौपटीचे २००० आणि मधले १००० हे त्यावरून काढलेले. आठ ओहमच्या स्पीकरला २००० वॅटचं शिखर द्यायला १२६ व्होल्ट लागतात, आणि साध्या साइन लहरीवर १००० वॅट देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचं शिखर नेमकं तेवढंच, १२६ व्होल्टचं असतं. म्हणून बरेच उत्पादक ५०० वॅटच्या स्पीकरला १००० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर सुचवतात. यावर पहिला आक्षेप ठरलेला: दुप्पट ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर लावला तर स्पीकर जळणारच की! जळेल की नाही हे वाजवणाऱ्यावर आहे. शास्त्रीय गायनात किंवा पखवाजात शिखरं सरासरीच्या १२ डेसिबल किंवा त्याहून वर असतात. त्या संगीताची शिखरं त्या अ‍ॅम्प्लिफायरच्या छताला अगदी टेकली तरी सरासरी शक्ती सव्वाशे वॅटच भरते आणि कॉईल कोमट राहते. दाबून दाबून सपाट केलेल्या डीजे ट्रॅकची शिखरं सरासरीच्या सहाच डेसिबल वर असली, तर तोच अ‍ॅम्प्लिफायर, त्याच खुणेवर, ५०० वॅट ओततो. म्हणजे स्पीकर परीक्षेच्या काठावर. आणि फेडर त्याही वर गेला, लहरींची डोकी छाटून त्यांचे चौकोन व्हायला लागले, की सरासरी २००० वॅटच्या दिशेने निघते. यंत्र तेच, पाटी तीच. बदललं ते फक्त संगीत आणि वाजवणाऱ्याचा हात. ‘किती वॅटचा होता?’ या प्रश्नातून काहीच का कळत नाही ते यावरून दिसेल.

लहरींची डोकी छाटली जाण्याला ‘क्लिपिंग’ म्हणतात. त्याच्याविषयी साउंडच्या धंद्यात एक समजूत पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे: छोटा अ‍ॅम्प्लिफायर क्लिप झाला की त्यातून डीसी बाहेर पडतो आणि स्पीकर जाळतो. ही समजूत चुकीची आहे. लहर वर आणि खाली सारखीच छाटली गेली तर तिची बेरीज शून्यच राहते, मग ती कितीही चौकोनी होवो. चौकोनी लहर सपाट दिसते म्हणून ती डीसी ठरत नाही. दुसरी समजूत थोडी खरी आहे: छाटण्यामुळे नवे उंच स्वर जन्मतात आणि ते उंच स्वर काढणारा छोटा डायफ्रॅम जाळतात. पण पूर्ण चौकोनी लहरीतही ८१ टक्के शक्ती मूळ स्वरातच असते, उरलेले १९ टक्के सगळ्या उंच स्वरांना मिळून. खरा मार बसतो तो वेगळ्या वाटेने. ढोलाचा ठोका छताला लागून थांबलेला असतो, तो आणखी वाढू शकत नाही. पण झांजेचा, हाय-हॅटचा, गायिकेच्या ‘स’काराचा आवाज अजून छतापर्यंत पोचलेला नसतो, आणि फेडर वर नेला की वाढतो तो हाच. बेस जागेवर राहतो, टॉपचं माप दुप्पट-तिप्पट होतं. म्हणून २०० वॅटचा क्लिप झालेला अ‍ॅम्प्लिफायर ५०० वॅटच्या वूफरचं काही बिघडवू शकत नाही, तो जास्तीत जास्त ४०० वॅट देईल. पण त्याच पेटीतला पन्नास-साठ वॅटचा डायफ्रॅम मात्र तो सहज खाऊन टाकतो. आपल्याकडच्या दुकानांत बदलायला येणाऱ्या वस्तूंत डायफ्रॅमची रांग एवढी लांब का असते, याचा खुलासा इथे आहे.

यावर उपाय लिमिटर. हल्लीच्या प्रोसेसरमध्ये आणि बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरमध्येही तो असतो, पण नुसता असून भागत नाही. शिखर अडवणारा लिमिटर वेगळा आणि सरासरी बघणारा वेगळा. पहिला कॉईलची उडी आवरतो, दुसरा तिचा ताप. आपल्या ५०० वॅटच्या स्पीकरसाठी पहिल्याची खूण १२६ व्होल्टवर आणि दुसऱ्याची ६३ व्होल्टवर लागेल, आणि दुसऱ्याने काही सेकंदांचा हिशेब धरून हळूच आवाज उतरवायला हवा. त्याच्या जोडीला हाय-पास फिल्टर लागतो. तोच आवाज निम्म्या कंपनसंख्येवर काढायचा तर कोनला चौपट हलावं लागतं, आणि ४० हर्ट्झला जुळवलेल्या पेटीत त्याच्या खाली पेटीतली हवा कोनला धरूनही ठेवत नाही. माइक हातातून पडला, वारा माइकवर घोंघावला, की ऐकू न येणाऱ्या त्या खालच्या लहरींवर कोन हेलकावे खातो आणि कॉईल मागच्या लोखंडावर आपटते. सुरुवातीला सांगितलेला तिसरा मृत्यू तो हाच, आणि एका फुकटच्या फिल्टरने तो टळतो.

‘लिमिटर आवाज खातो’ ही ऑपरेटरांची जुनी तक्रार आहे. खातो खरं, पण किती? शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, कानाला कळेल न कळेल एवढे; आवाज दुप्पट वाटायला शक्ती दहापट लागते. लिमिटर काढून टाकून मिळवलेले दोन-तीन डेसिबल कॉईल तापली की अर्ध्या तासात ती स्वतःच परत घेते. म्हणजे लिमिटरने जे खाल्लं असतं तेच नंतर उष्णतेने खाल्लं, फक्त वाटेत कॉईल शिजली. (आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी! गोंगाट कमी करणाऱ्या माणसाचं नाव आपण नेमकं कशाला दिलं आहे, ते मिरवणुकीत कानांत बोटं घालून उभ्या असलेल्यांना विचारावं.)

कॉईलचा एकच पट्टा जळलेला असेल तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा असतो. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शून्याच्या दोन्ही बाजूंना ७० व्होल्टची एकेक फळी (सप्लाय रेल) असते आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर त्यांच्यामध्ये लहर खेळवतात. त्यातला एक ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट झाला की ७० व्होल्टचा डीसी सरळ स्पीकरवर येतो. आठ ओहमच्या स्पीकरच्या तारेचा नुसता विरोध साडेपाच ओहमच्या आसपास असतो, म्हणजे सुमारे ९०० वॅटची निखळ उष्णता, एका जागी थिजलेल्या कॉईलमध्ये. इथे लिमिटर आंधळा. तो सिग्नल बघतो आणि हा बिघाड त्याच्या पुढचा आहे. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये डीसी ओळखून तोडणारा रिले असतो. पण स्वस्तातल्या रिलेच्या अंगावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: २५० व्होल्ट एसी, ३० व्होल्ट डीसी. एसी दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ७० व्होल्टवर उघडलेल्या रिलेत ठिणगीचा पूल बांधला जातो आणि त्या पुलावरून डीसी स्पीकरकडे जातच राहतो. रिलेने टकटक केलं, दिवा लाल झाला आणि स्पीकर तरीही जळला. जाणकार बांधणी अशी असते, की रिले उघडला की त्याची हलती पट्टी स्पीकरच्या परतीच्या तारेवर टेकते, म्हणजे ठिणगी उडाली तरी प्रवाह स्पीकरला वळसा घालून जातो आणि फ्यूज उडतो. अ‍ॅम्प्लिफायर विकत घेताना वॅट विचारण्यापेक्षा दुरुस्तीवाल्याला एकदा हा रिले कसा जोडला आहे ते विचारावं.

इथवर आलेला माग आता अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या वायरीने बाहेर पडतो. रेग्युलेशन नसलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्प्लिफायरची आतली फळी भिंतीतल्या व्होल्टेजच्या प्रमाणात वर-खाली होते. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर शक्ती त्यांच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ चतुर्थांशाने घटते. १००० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर ७५६ वॅटचा झाला, छत खाली आलं आणि जे संगीत संध्याकाळी स्वच्छ वाजत होतं ते आता क्लिप व्हायला लागलं. ऑपरेटरच्या कानाला फक्त ‘आवाज कमी पडतोय’ एवढंच जाणवतं आणि फेडर वर जातो. डायफ्रॅम जळतो, दोष कंपनीला लागतो, आणि मूळ कारण पन्नास मीटर लांब, खांबापाशी पडून असतं. हे ३० व्होल्ट जातात कुठे? अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या पन्नास मीटर वायरीचा जाऊन-येऊन विरोध ०.६९ ओहम भरतो. १६ अँपिअर ओढले की ११ व्होल्ट वायरीतच गेले. दीड चौरस मिलिमीटरची वायर असेल तर १८ व्होल्ट. वर तिला दोन ठिकाणी जोड, जोडावर नुसती पिळलेली तार आणि चिकटपट्टी. रीळ पूर्ण न उलगडता वापरलं तर आतले वेढे तापून वितळतात ते निराळंच. आणि हे अँपिअर आपण मीटरवर वाचतो ते सरासरी असतात. अ‍ॅम्प्लिफायरमधला रेक्टिफायर प्रवाह ओढतो तो लहरीच्या माथ्यावरच, थोडा वेळ पण कडाडून, त्यामुळे माथ्यावरची घट आकड्यापेक्षाही जास्त असते. लहान जनरेटरला हे नीट कळतं: बेसच्या प्रत्येक ठोक्याला मांडवातले दिवे मान हलवतात.

यावर कोणी म्हणेल, की आमचे अ‍ॅम्प्लिफायर नव्या स्विचिंग पद्धतीचे आहेत, त्यांना व्होल्टेज कमी-जास्त झालेलं चालतं. बऱ्याच जणांना चालतं, हे मान्य. पण आतली शक्ती कायम ठेवायची तर व्होल्टेज घटल्यावर त्यांना प्रवाह जास्त ओढावा लागतो, म्हणजे वायर आणखी तापते आणि घट आणखी वाढते. नव्या यंत्रामुळे स्पीकर वाचला तरी जोड वाचत नाही. आणि सुरू होण्याच्या क्षणी दोन्ही पद्धतींची यंत्रं सारखीच हावरट. रिकामे कपॅसिटर आणि मोठा ट्रान्सफॉर्मर पहिल्या अर्ध्या लहरीत नेहमीच्या कित्येक पट प्रवाह मागतात. दहा अ‍ॅम्प्लिफायर एका बटणावर असतील तर एमसीबी पडतो. तो पडू नये म्हणून मोठा एमसीबी बसवणं हा रोगावर नव्हे, थर्मामीटरवर उपाय झाला. एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो, अ‍ॅम्प्लिफायरच्या सोयीसाठी नाही. यंत्रं एकेक करून, दोन-तीन सेकंदांच्या अंतराने चालू करावीत. मिक्सर आधी, अ‍ॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना उलट. मिक्सर चालू होतानाचा धप्पकन आवाज मग स्पीकरपर्यंत पोचतच नाही.

थ्री-फेज जोडणीत सगळ्यात भोळा आणि सगळ्यात घातक धागा न्यूट्रलचा. तीन फेजांवर भार सारखा नसला तरी न्यूट्रल शाबूत आहे तोवर प्रत्येकाला २३० मिळतात. न्यूट्रल सुटला, की दोन फेजांवरची यंत्रं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि त्यांच्यात ४०० व्होल्टची वाटणी होते. जो कमी ओढतो त्याच्या वाट्याला जास्त. तिसरी फेज रिकामी आहे असं धरू. एका फेजवर ३००० वॅटची रोषणाई आहे आणि दुसरीवर अ‍ॅम्प्लिफायर, दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत जेमतेम ५०० वॅट ओढणारे. न्यूट्रल गेल्या क्षणी अ‍ॅम्प्लिफायरांवर ३४० च्या वर व्होल्ट चढतात, रोषणाई मंदावते आणि लोकांना वाटतं लाइट गेली. कपॅसिटर फुटण्याचे आवाज त्यानंतर येतात. म्हणून न्यूट्रल आधी जोडायचा आणि शेवटी सोडायचा, त्यात फ्यूज कधीही घालायचा नाही, आणि पेटीत व्होल्टेज वाढल्यावर तोडणारा रिले बसवायचा. दहा अ‍ॅम्प्लिफायरांच्या किमतीपुढे त्या रिलेची किंमत काहीच नाही. तारेवर आकडा टाकून घेतलेल्या विजेत यातलं काहीच नसतं. महावितरण दरवर्षी गणेश मंडळांना अधिकृत तात्पुरती जोडणी घ्यायला सांगतं त्यामागे बिलाखेरीज हेही कारण आहे.

आता अर्थिंग. स्पीकरमधून पन्नास-शंभर हर्ट्झची ‘हंऽऽ’ अशी गुणगुण येते, आणि ती घालवण्याचा सर्वांत झटपट उपाय म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची जाड पिन काढून टाकणं. गुणगुण जाते, हे खरंच आहे, आणि म्हणूनच हा उपाय मरत नाही. पण ती पिन होती ती आत फेजची तार सुटून पत्र्याला लागली तर प्रवाहाला जमिनीत जायला वाट मिळावी आणि एमसीबी पडावा म्हणून. पिन गेली की ती वाट बंद, पत्रा जिवंत, आणि पुढची वाट म्हणजे पहिला हात लावणारा माणूस. बिघाड झालाच पाहिजे असंही नाही. स्विचिंग अ‍ॅम्प्लिफायरच्या आत फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर असतात, विजेतला कचरा जमिनीत सोडण्यासाठी; अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. एकट्या यंत्राच्या या गळतीने नुसत्या मुंग्या येतात. दहा यंत्रं एका लोखंडी रॅकमध्ये बसवली की दहांची गळती एकत्र येते. गुणगुणीवर खरा इलाज सिग्नलच्या बाजूला आहे: बॅलन्स्ड वायर वापरा, मिक्सरकडून येणाऱ्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायरना एकाच पेटीतून वीज द्या.

‘आरसीसीबी लावला होता, सारखा पडायचा, काढून टाकला’ हाही नेहमीचा आक्षेप, आणि तो ऐकण्यासारखा आहे, कारण आरसीसीबी खरोखरच पडतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो तोडतो. प्रत्यक्षात पंधरानंतर केव्हाही तोडू शकतो. अर्थिंगच्या यंत्राला साधारण साडेतीन मिलिअँपिअरपर्यंत गळतीची मुभा असते. म्हणजे पाच-सहा निर्दोष अ‍ॅम्प्लिफायरही मिळून त्याला पाडू शकतात. यंत्रं चार गटांत वाटा आणि प्रत्येक गटाला स्वतंत्र आरसीसीबी द्या, तक्रार मिटते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरच्या जनरेटरचं दुखणं याच्या उलट आहे. त्याचा न्यूट्रल सांगाड्याला जोडलेला नसेल तर गळतीला परतीची वाटच नसते, आरसीसीबी कधीच पडत नाही आणि ऑपरेटरला वाटतं सगळं ठीक आहे. पहिला बिघाड गुपचूप होतो. दुसऱ्या फेजवर दुसरा झाला की दोन पत्र्यांमध्ये ४०० व्होल्ट उभे राहतात. त्यामुळे जनरेटरचा न्यूट्रल, सांगाडा, ट्रॉली आणि रॅक हे सगळं एकमेकांना जाड तारेने बांधलेलं असायला हवं, आणि हे काम परवानाधारक वायरमनचंच आहे.

‘वीस वर्षं असंच करतोय, काही झालं नाही’ या वाक्याला उत्तर देणं अवघड, कारण ज्याला झालं तो ते म्हणायला उरत नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी हाताची बोटं गिटारच्या तारांवर असताना माइकला शिवला. अर्थिंग धड नव्हतं. तो २७ वर्षांचा होता. दोन वस्तू, दोन्ही धातूच्या, दोन वेगळ्या यंत्रांना जोडलेल्या, आणि मधे माणूस. कीर्तनकाराच्या एका हातात माइक आणि दुसरा हात लोखंडी खांबावर असतो तेव्हाही जोडणी हीच असते. २३० व्होल्टला घामेजलेल्या शरीराचा विरोध दीड हजार ओहम धरला तर दीडशे मिलिअँपिअर वाहतात, आणि हृदयाची लय बिघडायला त्याहून बरेच कमी पुरतात. स्पीकरच्या वायरीलाही हलकं समजू नये. १२६ व्होल्टचं शिखर तिच्यातूनच जातं. तिला घरगुती प्लग लावणारे अजून आहेत; अंधारात तो भिंतीच्या सॉकेटमध्ये गेला तर आठ ओहमच्या स्पीकरला साडेसहा हजार वॅट मिळतात. त्यासाठी स्पीकॉन आहे, तो भिंतीत जातच नाही.

काही शे रुपयांचा मल्टिमीटर घ्या, आणि काही जोडण्याआधी सॉकेटमध्ये तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन २३० च्या आसपास आणि जवळजवळ सारखी हवीत, तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. मीटर स्वतः प्रवाह ओढत नाही, त्यामुळे कच्च्या अर्थिंगवरही तो २३० दाखवून फसवू शकतो. अर्थिंगचा विरोध मोजायला वायरमनला त्याचा टेस्टर घेऊन बोलवावं लागतं. मग भार चढवून, बेस वाजत असताना, पहिलं माप पुन्हा घ्या. ते २१० च्या खाली उतरत असेल तर फेडरला हात लावू नका, वायर बदला. आणि पहिली दोन मापं एकमेकांशी जुळत नसतील तर प्लग लावूच नका, मंडळाचे अध्यक्ष मागे उभे राहून घड्याळ दाखवत असले तरी.